बस्ता, बाजार आणि मोबाईल : कपडेखरेदीबद्दलचे सहा गैरसमज

लग्नाच्या तारखा धरल्या गेल्या की खान्देशात घरोघर एक वाद रंगतो. आई-काकूंना लग्नाच्या कपड्यांचा बस्ता जळगावच्या फुले मार्केटात नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवरच बांधायचा असतो. मुलं मोबाईल पुढे करतात : "हीच साडी इथे निम्म्या भावात आहे." दोघंही आपापल्या जागी ठाम असतात, आणि दोघांच्याही डोक्यात काही चुकीच्या समजुती असतात. त्या दूर झाल्या तर पैसे वाचतील. शिवाय दुकानात बसून कापड निवडण्याची गोडी कशात आहे, तेही कळेल. माझ्या मते ती पारख करण्यात आहे, आणि ही पारख जपण्यासारखी आहे.

गैरसमज १ : ऑनलाइन माल थेट कारखान्यातून येतो, म्हणून स्वस्त. दुकानदार म्हणजे मधला दलाल.

वस्तुस्थिती : खान्देश कापूस पिकवतो, पण तयार कापड बाहेरून आणतो. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल बंद पडून जमाना झाला. इथल्या दुकानांतल्या साड्या आणि ड्रेस मटेरियलचा मोठा भाग सुरतेहून येतो. उधना ते जळगाव हा रेल्वेमार्ग सुमारे ३०० किलोमीटरचा आहे, आणि सुरतेचा महामार्ग धुळ्यावरूनच जातो. ॲपवर साड्या विकणारेही बरेचसे सुरतेचेच व्यापारी. त्यांच्या भावात ॲपचं कमिशन, कुरिअर आणि परत येणाऱ्या पार्सलांचा खर्च धरलेला असतो. दुकानाच्या भावात गाळ्याचं भाडं आणि नोकरांचे पगार. मधला खर्च कुठेच चुकत नाही. एकच फोटो लावून अनेक विक्रेते वेगवेगळं कापड विकतात, म्हणून नुसता फोटो सारखा दिसला की भावाची तुलना करू नये. कापड कशाचं आहे आणि लांबी किती आहे, ते आधी बघावं. ब्लाउजपीससकट साडी साधारण ६.३ मीटर भरते.

गैरसमज २ : दुकानात डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे फसवणूक होत नाही.

वस्तुस्थिती : नुसतं पाहून भागत नाही, पाहायचं कसं ते ठाऊक हवं. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली रंग वेगळा भासतो. म्हणून जाणत्या बायका सांगतात, "भाऊ, जरा दाराशी धरा, उजेडात पाहू द्या." पैठणी असेल तर आधी पदर उलटा करावा. पारंपरिक पद्धतीने हातमागावर विणलेल्या पदरावरचा मोर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या पदराच्या मागे सुटे, लोंबते किंवा कापलेले धागे आढळतात. रेशमाची शंका असेल तर काठाचा एखादा सुटा धागा जाळून बघतात. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो. रेशमावर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेलं सिल्क मार्कचं लेबल आहे का, तेही विचारावं.

फोटोत साडीची बहुधा एकच बाजू दिसते. उलटी बाजू पाहण्याचा हक्क बाजारात आपल्या हातात असतो, तो वापरावा.

गैरसमज ३ : 'एल' साइज म्हणजे सगळीकडे 'एल'च.

वस्तुस्थिती : भारतात कपड्यांची मापं बराच काळ अमेरिका-युरोपच्या तक्त्यांवर चालत आली, आणि प्रत्येक कंपनीने त्यांत आपापले फेरफार केले. भारतीय अंगलटीनुसार तक्ता तयार करण्यासाठी 'निफ्ट' या संस्थेने 'इंडियासाइज' प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतल्या २५ हजारांहून जास्त लोकांची मापं घ्यायची, असा तो बेत होता. असा तक्ता सगळीकडे वापरात येईपर्यंत उपाय साधा आहे : आपल्या अंगाला नीट बसणारा एक सदरा टेपने मोजून ठेवावा, आणि अक्षराऐवजी इंचांचा तक्ता बघावा. दुकानात मात्र अंगात घालून, हात वर करून, खाली बसून बघता येतं. खांद्यावर कापड ओढतंय का, हे कोणताही तक्ता सांगत नाही.

गैरसमज ४ : ८० टक्के सूट म्हणजे ८० टक्के बचत.

वस्तुस्थिती : कपड्यावरची एमआरपी सरकार ठरवत नाही. ती माल बनवणारा किंवा पॅक करणारा छापतो. फुगवलेल्या आकड्यावरची सूट कितीही मोठी दाखवता येते, मग ते ॲप असो की 'सेल'चा फलक लावलेलं दुकान. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यामुळे "बिल नको, जीएसटी वाचेल" या बोलण्यालाही भुलू नये. बिल सोडलं की तक्रारीचा पुरावाही गेला.

गैरसमज ५ : दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही', ऑनलाइन मात्र काहीही परत करता येतं.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धसत्य. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भिंतीवरच्या पाटीने हा हक्क जात नाही. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

उलट "आता आवडत नाही" एवढ्यावरून माल परत घेण्याची सक्ती कायदा कोणावरच करत नाही. ॲप तशी सोय देतं ते आपल्या धोरणाने. तीही प्रत्येक वस्तूला नसते, आणि काही गावांत परतीचं पार्सल न्यायला कोणी येतही नाही. मात्र माल सदोष निघाला, वर्णनापेक्षा वेगळा आला, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घ्यावा लागतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. कंपनी कुठलीही असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

गैरसमज ६ : बाजारात दिवस घालवणं म्हणजे वेळेची नासाडी.

वस्तुस्थिती : बस्त्याचा दिवस बघा. चपला काढून दोन्हीकडचे सोयरे पांढऱ्या गादीवर बसतात. चहा येतो. दुकानातला माणूस एका झटक्यात साडी उलगडतो आणि पदर नवरीच्या खांद्यावर टाकतो. शालू, हळदीची साडी, करवल्यांच्या साड्या, मामाकडचा आहेर, टॉवेल-टोप्या यांची यादी मोठ्याने वाचली जाते. आजी काही बोलत नाही. ती साडीचं टोक अंगठा आणि बोटात चोळते, मुठीत चुरगाळते, सोडते, आणि चुण्या राहिल्या की गेल्या ते बघते. तिने मान हलवली की भावाची बोलणी सुरू होतात. मानपानाची निवड सगळ्यांसमोर झालेली असते, म्हणून पुढचे बरेच रुसवेफुगवे तिथेच मिटतात. दुकानदाराला मागच्या लग्नातली खरेदी आठवते. माल खराब निघाला तर त्याचं तोंड ओळखीचं असतं, आणि त्यालाही पुढच्या पिढीचा बस्ता हवा असतो.

मोबाईलची सोय खरीच आहे. साक्री-चोपड्याच्या आतल्या गावांना, आजारी माणसाला, नेहमीचा सदरा त्याच मापात पुन्हा घेणाऱ्याला ती उपयोगी पडते. पण हाताला लागणारी कापडाची ओळख पडद्यावर शिकता येत नाही. म्हणून या लग्नसराईत बस्त्याला जाताना घरातल्या मुलामुलींना सोबत न्या. आजीशेजारी बसवा, पदर उलटा करून दाखवा, साडीचं टोक त्यांनाही चुरगाळू द्या. बाजारात शिकलेली ही पारख पुढे मोबाईलवर खरेदी करतानाही त्यांच्या कामी येईल : काय विचारायचं, वर्णनात काय शोधायचं आणि कुठे थांबायचं, ते त्यांना कळेल.