वृश्चिकाची गाडी

काशीच्या ज्या ब्रह्माघाटावर आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, त्याच्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीशी अंग चोरून उभे राहावे लागते, आणि वाटेत एखादा नंदी बसला असला तर दोघांनाही तो उठण्याची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने १४५ अश्वशक्तीच्या मोटारीवर जीव जडवावा हे ऐकणाऱ्यास विपरीत वाटले तर नवल नाही. माझी गाडी मैदागिनच्या पलीकडे एका भाड्याच्या गाळ्यात उभी असे, आणि पहाटे गंगास्नानाला निघालेल्यांच्या उलट दिशेने चालत मी तिच्याकडे जात असे. आठ वर्षांनंतर डाव्या गुडघ्याने क्लचचे काम नाकारले, वैद्यांनी तेच निक्षून सांगितले, आणि गाडी विकण्याचा प्रसंग आला. कन्यादानाची उपमा येथे अनेकजण देतात; मला ती पटत नाही. ज्या यंत्राचा पुढचा धनी यंत्र जाणणारा असावा अशी आपली इच्छा असते, त्याची विक्री ही मला एखाद्या दफ्तराच्या सुपुर्दगीसारखी वाटते: कागद पूर्ण हवेत, आणि जे कागदावर उतरले नाही ते तोंडाने सांगितलेले हवे.

गाडी अबार्थ पुंटो. कार्लो अबार्थ हा १९०८ साली व्हिएन्नात जन्मलेला, मोटारसायकलींच्या शर्यतींत नाव मिळविलेला मनुष्य. १९४९ साली इटलीत त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि आपल्या वृश्चिक राशीवरून विंचू हे त्याचे चिन्ह ठरविले. त्याचा मुख्य व्यवसाय म्हणजे फियाटच्या साध्या, कुटुंबवत्सल गाड्यांना सुधारित सायलेन्सर आणि इंजिनाचे सुटे भाग पुरवून त्यांच्यात दडलेले सामर्थ्य बाहेर काढणे. १९७१ साली फियाटने तो कारखानाच आपल्याकडे घेतला. म्हणजे ज्या फेरफाराला पुष्कळ लोक पोरखेळ समजतात त्याची एक प्रतिष्ठित परंपरा या विंचवाच्या पाठीशी उभी आहे. महाराष्ट्राशी फियाटचे नाते तर त्याहून घरगुती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे तिचीच पद्मिनी तयार होत असे, आणि कित्येक मराठी घरांत ‘फियाट’ हाच मोटारीचा पर्यायशब्द होता. माझी अबार्थ पुण्याजवळच्या रांजणगावची. २०१५ च्या ऑक्टोबरात ती भारतात विक्रीस आली, आणि चारपाच वर्षांतच फियाटने येथला मोटारींचा व्यवहार आवरता घेतल्यामुळे तिचा वंश खुंटला.

तिच्या इंजिनाचे घनमान १३६८ घन सेंटिमीटर. याच घनमानाचे पेट्रोल इंजिन टर्बोवाचून साध्या पुंटोतही बसवीत, आणि ते ९० अश्वशक्ती देई. अबार्थचे १४५ देते. एवढे अंतर कोठून आले हे समजण्यासाठी स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूकी या अभियंत्याकडे जावे लागते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर इंधनातील ऊर्जेचा मोठा अंश व्यर्थ जातो हे पाहून, त्या वायूंनीच एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, या कल्पनेचे, म्हणजेच टर्बोचे, पेटंट त्याने १९०५ साली घेतले. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून बळ अधिक. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि त्याच्या दांड्याला आधार असतो केवळ तेलाच्या पातळ थराचा. म्हणून भरधाव आलेली गाडी एकदम बंद करू नये, मिनिटभर तिला संथ चालू द्यावे. नाहीतर तापलेल्या दांड्याभोवती थबकलेले तेल करपते आणि टर्बोचे आयुष्य सरते. एवढा एक नियम पाळणारा आणि न पाळणारा अशी टर्बोगाड्यांच्या मालकांची मी मनात विभागणी करीत आलो आहे.

काशीला ही विद्या परकी नाही. येथल्या डीझेल रेल्वे इंजिन कारखान्यातून, म्हणजे आजच्या बनारस रेल इंजिन कारखान्यातून, १९६४ च्या जानेवारीत पहिले इंजिन बाहेर पडले. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या धाटणीची, सोळा सिलिंडरांची, २६०० अश्वशक्तीची ती इंजिने टर्बोयुक्तच होती. चालकाने एकाएकी जोर मागितला की इंधन आधी पोहोचे आणि टर्बोचे चक्र वेग घेईपर्यंत हवा मागे राही. त्या क्षणांपुरता काळ्या धुराचा लोट आकाशात उठे. मोटारीत ज्याला टर्बो लॅग म्हणतात तो हाच. लहानपणी कँट स्टेशनच्या पुलावर उभा राहून मी तो धूर पाहिला आहे, आणि पुढे स्वतःच्या गाडीत पाय दाबल्यावर येणारा तो अर्ध्या श्वासाचा विलंब व त्यामागून पाठीला बसणारा रेटा ओळखीचा वाटला तो त्यामुळेच.

आता फेरफारांविषयी. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. कर्णकटू सायलेन्सर, मोजमापाबाहेरची चाके, दृष्टी दिपविणारे दिवे यांना माझ्या गाडीवर कधी स्थान मिळाले नाही. कायद्याच्या धाकाने नव्हे, तर रांजणगावातून निघालेली तिची आकृती मला पुरेशी देखणी वाटे म्हणून. बदल केले ते डोळ्यांना न दिसणारे: ब्रेकचे पॅड अधिक उष्णता सोसणारे, रबरी नळ्यांच्या जागी सिलिकॉनच्या नळ्या, थोडे कडक शॉक ॲब्सॉर्बर. एक बदल मात्र मी केला आणि मागे घेतला. इंजिनाच्या संगणकातील कोष्टके, ज्यांना जाणकार ‘मॅप’ म्हणतात, ती एका तंत्रज्ञाकडून बदलून घेतली होती. हिवाळ्यात गाडी अक्षरशः झेपावे. परंतु जेठाच्या उन्हात, तेव्हा येथे मिळणाऱ्या साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर, चढणीला इंजिनातून जी बारीक टकटक ऐकू येऊ लागली ती मला सहन झाली नाही. दोन वर्षांनी मूळ मॅप परत घातला. अभिरुची म्हणजे काय घालावे याइतकेच काय काढावे याचेही ज्ञान, असे मला तेव्हापासून वाटते.

गिऱ्हाईके आली. एकाने ‘कितना भागती है’ एवढेच विचारले. दुसऱ्याला सायलेन्सरमधून फटाके वाजावेत असे हवे होते. त्याची रक्कम चांगली होती, तरी मी विसार घेतला नाही. मग पुण्याहून एक तिशीतला तरुण ज्ञानगंगा एक्सप्रेसने आला. “काका, उद्या सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका,” एवढे तो आदल्या रात्री म्हणाला, आणि माझी निम्मी चिंता तेथेच मिटली. गाळ्यात शिरताच त्याने प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला. थंड इंजिन खोटे बोलत नाही. तापवून ठेवलेले पुष्कळ दोष लपविते. त्याने चालू झालेले इंजिन काही मिनिटे संथ राहू दिले, मग हलकेच जोर देऊन मागे धूर निळा येतो का ते पाहिले, कारण निळा धूर म्हणजे टर्बोच्या सीलमधून तेल झिरपत असल्याची साक्ष. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळीत बोट फिरविले. टायरांची आतली कड चाचपली.

यानंतर मी त्याच्यापुढे वही ठेवली. आठ वर्षांतील प्रत्येक तेलबदल, प्रत्येक नळी, प्रत्येक दुखणे तारीखवार त्या वहीत आहे. औराईजवळ एकदा दाबलेल्या हवेची, म्हणजे बूस्टची, नळी निखळून गाडी रस्त्यात दुबळी झाली, कारण कोणा कारागिराने पट्टी नीट आवळली नव्हती. तेही लिहिलेले आहे. मॅप घातल्याची आणि काढल्याची पाने मीच उघडून दाखविली. जी गोष्ट आज गाडीवर दिसत नाही, पण जिचे ओझे तिच्या क्लचने आणि पिस्टनांनी दोन वर्षे वाहिले आहे, ती न सांगणे म्हणजे विक्रीत खोट ठेवणे होय. त्याने ती पाने दोनदा वाचली आणि विचारले, “टकटक कितव्या गिअरमध्ये यायची?” असा प्रश्न विचारणारा माणूस मिळावा म्हणूनच मी चार महिने थांबलो होतो. नंतर आम्ही अहरौऱ्याच्या बाजूने मारकुंडीच्या घाटापर्यंत गेलो. चढणीवर गाडी त्याच्या हाती होती, आणि त्या वाटेवर आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

किमतीचा विषय थोडक्यात आटोपला. फेरफारांवर घातलेला पैसा परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. मूळचे शॉक ॲब्सॉर्बर, मूळच्या नळ्या आणि पॅड एका लाकडी पेटीत जपून ठेवले होते, त्यांचे मोल मात्र त्याने आपणहून धरले.

कागदपत्रांत हयगय करणाऱ्या विक्रेत्यांना मला कळकळीने सांगावेसे वाटते की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी चार हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्याच शिरी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. नमुना २९ आणि ३० वर सह्या, दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, त्यावर चेसिसच्या क्रमांकाचा पेन्सिलने उठविलेला ठसा, हे सर्व रीतसर केले. विमापत्राच्या नावबदलाचा अर्ज नव्या मालकाने १४ दिवसांत करावयाचा असतो. दावा न केल्याबद्दलची सूट मात्र गाडीबरोबर जात नाही, ती माणसाची असते. यूपी ६५ ही पाटी उतरून पुण्याची पाटी चढेपर्यंत काही आठवडे गेले, आणि तोवर प्रत्येक पावतीची प्रत माझ्या फडताळात होती.

निघण्याच्या पहाटे पेटी मागच्या बाजूस ठेवली, वही त्याच्या हाती दिली. त्याने नमस्कार केला, इंजिन चालू केले, आणि तेल सर्वत्र पोहोचेपर्यंत, मी काही न सांगता, मिनिटभर तसाच बसून राहिला. मग रीवा, जबलपूर, नागपूर या मार्गाने तो गेला. महिन्याभराने त्याने नव्या नोंदणीपत्राबरोबर वहीच्या पुढच्या पानाचे छायाचित्र धाडले. माझ्या अखेरच्या ओळीखाली त्याच्या अक्षरात तारीख होती, तेलबदलाची नोंद होती, आणि तिच्याखाली: उजवीकडे वळताना पुढच्या डाव्या चाकाशी मंद गुंजन, बेअरिंग असावे, रविवारी पाहणे.