मोहम्मडन स्पोर्टिंग: पावसातले बूट आणि अनवाणी सलीम

कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे आम्ही जुने चाहते. १९३४ ते १९३८, सलग पाच वर्षं त्यांनी कलकत्ता लीग जिंकली. त्याआधी एकाही भारतीय क्लबला ती मिळाली नव्हती. जमलं कसं? खेळाडू बंगालबाहेरूनही आणले, आणि पावसात मैदान निसरडं झालं की बूट घातले. अनवाणी खेळणारे घसरायचे.

कमाल बघा, याच संघाचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिककडून खेळला, तो पायांना नुसत्या पट्ट्या बांधून! हॅमिल्टनला ५-१ हरवलं. पण घरची ओढ लागली, परत आला.

१९४० मध्ये ब्रिटिश पलटणीला हरवून ड्युरँड कप घेतला, तोही भारतीय संघाने पहिल्यांदाच.

परवा वर्गात विचारलं, सलीम कोण? मेस्सीवर तासभर बोलणाऱ्या पोरांपैकी एकाचाही हात वर आला नाही.