आज्ञा जीवनाची, साक्ष अपयशाची

धर्मशास्त्र म्हटले की आपल्यापुढे मनुस्मृती उभी राहते. तिच्यात अन्यायच नियम म्हणून सांगितला आहे. म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळावी लागली. परंतु नियम चांगला आणि माणूसच उणा, असे असेल तर? मी बौद्ध आहे, ख्रिस्ती धर्मविचार बाहेरून वाचतो. तरी पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय मला याच प्रश्नासाठी महत्त्वाचा वाटतो.

पौल जन्माने यहूदी, नियमशास्त्रात मुरलेला. मोशेच्या द्वारे मिळालेल्या आज्ञा पाळील तो जगेल, अशी त्या परंपरेची श्रद्धा. पौल मात्र कबुली देतो की, जीवनासाठी दिलेली आज्ञाच आपल्याला मरणाकडे नेणारी ठरली. उदाहरण तो लोभाचे घेतो. खून, चोरी हातून टाळता येते. लोभ मनात दडून असतो. आज्ञेने त्याला नाव दिले आणि तो उघडा पडला. यात दोष आज्ञेचा नव्हे, ती पवित्रच आहे, असे पौल बजावतो. पुढे कॅल्विनने नियमशास्त्राला आरशाची उपमा दिली. आरसा डाग दाखवतो, धूत नाही. ते काम पौल ख्रिस्ताच्या कृपेवर सोपवतो.

माझी अडचण येथे सुरू होते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा भारतातील चर्चमध्येही वाचली जाते. तरी तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाची दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली. २०१६ साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमधील जातिभेद मान्य केला. आरशाने आपले काम केले. पण कृपेच्या भरवशावर भिंत पडत नाही, ती माणसांनाच पाडावी लागते. कृपा आहे म्हणून पापात राहावे काय, या प्रश्नाला पौलानेही सहाव्या अध्यायात ठाम नकार दिला आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत हाच धोका वेगळ्या भूमीवरून सांगितला: संविधान कितीही चांगले असो, राबवणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल. समतेची आज्ञा आपणही स्वीकारली आहे. तरी सोयरीक जुळवताना आपल्या घरांत पोटजात विचारली जाते. तेव्हा चर्चकडे बोट दाखवण्यापूर्वी तो आरसा आपणही एकदा हाती घ्यावा.