भिंत झाकली, पण ओल गेली का?

शीळफाटा, प्रतिनिधी – गणपती उठले की शीळफाटा, दिवा, डोंबिवली परिसरातील घराघरांत दिवाळीच्या रंगकामाचा विषय निघतो. त्याच सुमारास कपाट पुढे ओढले जाते आणि मागची भिंत दिसते. काळ्या-हिरव्या बुरशीचे ठिपके, फुगलेली पुट्टी, सुटलेले पोपडे आणि नाकाला झोंबणारा कुबट वास. त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे भिंतीला आतून थर्माकोल किंवा पीव्हीसीचे पॅनल ठोकणे, नाहीतर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात देणे. चार दिवसांत भिंत नवी दिसू लागते. पुढच्या आषाढात मात्र तोच वास परत येतो आणि या वेळी तो पॅनलमागून येत असतो.

याचे कारण सोपे आहे. भिंत झाकल्याने ओल दिसेनाशी होते, थांबत नाही. ती कोठून येते हे ठरवल्याशिवाय केलेला खर्च बहुधा वाया जातो.

गार भिंतीचे गणित

भिंतीला आतून उष्णतारोधक थर देण्याची पद्धत मुळात थंड देशांतली आहे. तेथे बाहेर कडाक्याची थंडी आणि आत ऊबदार, दमट हवा असते. ही हवा गार भिंतीला टेकली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि त्यावर बुरशी वाढते. थर्माकोल हा विटेच्या तुलनेत सुमारे वीसपट कमी उष्णता वाहून नेतो. त्यामुळे त्याचा थर दिला की खोलीकडील पृष्ठभाग गार पडत नाही. पण तेथेही हा थर भिंतीला घट्ट चिकटवावा लागतो आणि मागे दमट हवा शिरणार नाही याची काळजी घ्यावी लागते. फट राहिली तर थरामागील भिंत आधीपेक्षा अधिक गार पडते आणि बुरशी नजरेआड फोफावते.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात हवाच इतकी दमट असते की तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर अवघ्या २५ अंशांच्या भिंतीवरही पाणी सुटू लागते. बुरशीला तर प्रत्यक्ष थेंबांचीही गरज नसते. पृष्ठभागालगतची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांवर राहिली तरी तिला पुरते. त्यात भिंत पावसाने भिजलेली असेल तर बाष्पीभवनामुळे ती आणखी गार होते. म्हणजे आपल्याकडे भिंत आधी ओली होते आणि मग गार पडते. अशा भिंतीला आतून थर दिला की तिची वाळण्याची एक वाट बंद होते.

ओल कोठून येते?

ओलीचे चार प्रमुख मार्ग आहेत आणि प्रत्येकाची खूण निराळी असते.

पहिला, पावसाची झड. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा मारा पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींवर होतो. बाहेरच्या गिलाव्याला भेगा असतील, खिडकीचा छज्जा तुटला असेल किंवा भिंतीत पिंपळाचे रोप रुजले असेल, तर पाणी आत मुरते. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत किंवा दिवसांत डाग वाढतो आणि उघडीप मिळाली की फिका पडतो.

दुसरा, नळाची किंवा मोरीची गळती. हा डाग पावसाळा-उन्हाळा पाहत नाही, बारा महिने तसाच राहतो. बहुधा तो न्हाणीघराच्या किंवा पाइपांच्या बाजूच्या भिंतीवर, नाहीतर वरच्या मजल्यावरील मोरीच्या खाली असतो.

तिसरा, जमिनीतून चढणारी ओल. तळमजल्यावरील जुन्या घरांत जोत्यावर ओल रोखणारा थर नसेल किंवा खराब झाला असेल, तर पाणी विटांतून वर चढते. हा पट्टा सहसा जमिनीपासून तीन फुटांपर्यंत असतो आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा धरतो.

चौथा, हवेतील बाष्प. कपाटामागे, खोलीच्या कोपऱ्यांत, तुळईलगत, म्हणजे हवा खेळत नाही तेथे ठिपके दिसतात. घरात वाळत घातलेल्या धुण्याच्या एका घाण्यातून सुमारे दोन लिटर पाणी हवेत मिसळते. वातानुकूलित खोलीच्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला बुरशी येते तीही याच कारणाने. आपल्या भागातील खरी ‘गार भिंत’ ती हीच.

घरच्या घरी परीक्षा

भिंतीच्या डागाळलेल्या भागावर फूटभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावावा आणि दोन दिवस ठेवावा. खोलीकडील बाजूवर दव आले तर दोष हवेतील बाष्पाचा. भिंतीकडील बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येत आहे. मोरीचा संशय असल्यास तिचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी साठवावे आणि एक-दोन दिवस खालच्या छतावर लक्ष ठेवावे.

कारणानुसार उपाय

पावसाच्या ओलीवर उपाय बाहेरूनच होतो. भेगा खोदून भरणे, गिलावा दुरुस्त करणे, छज्जा आणि गच्चीच्या वाटा नीट करणे, रोप मुळासकट काढणे आणि मग बाहेरचा जलरोधक रंग देणे हा क्रम आहे. कोकणातील मातीच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी झावळ्यांचे आडोसे बांधले जात, तेही बाहेरूनच.

गळतीसाठी पाइप किंवा मोरीची दुरुस्ती अटळ आहे. जमिनीच्या ओलीसाठी लोणा धरलेला गिलावा काढून जोत्याजवळ रोधक थर करून घ्यावा लागतो. बाष्पासाठी कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवावे, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा लावावा, उघडीप असताना खिडक्या उघडाव्यात आणि एसी २५-२६ अंशांच्या खाली नेऊ नये. उष्णतारोधक थराचा उपयोग होतो तो एसीच्या गार भिंतीला. तोही दमट खोलीच्या बाजूने, मागे पोकळी न ठेवता आणि भिंत पूर्ण कोरडी असेल तरच.

भिंत वाळायला वेळ द्यावा लागतो. एक इंच जाडीला सुमारे एक महिना हा बांधकामातील ठोकताळा आहे. दोन्ही बाजूंनी वाळणारी नऊ इंची भिंतही त्यामुळे चार-साडेचार महिने घेते. दिवाळीच्या घाईत लावलेला रंग शिमग्यापर्यंत सुटतो, त्याचे रहस्य हेच. ओल्या भिंतीचा रंग माघ-फाल्गुनावर ढकललेला बरा.

बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नये, तिचे बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीच वापरल्यास त्यात ॲसिड किंवा दुसरे कोणतेही द्रावण मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

दुर्लक्षाची किंमत

ओलसर घरांचा दमा आणि श्वसनविकारांशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने हा मृत्यू झाल्याचा निर्वाळा तेथील मृत्यू-चौकशीत २०२२ मध्ये देण्यात आला आणि पुढे त्याच्या नावाने कायदा झाला.

दुसरा धोका इमारतीला आहे. पाणी काँक्रीटमधील सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. शीळफाट्याने ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधील बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळताना पाहिली. त्या दुर्घटनेत ७४ जणांचा बळी गेला. ती इमारत ओलीमुळे पडली नव्हती, निकृष्ट बांधकामामुळे पडली. पण बांधकामाच्या दर्जाची खात्री नसलेल्या भागात खांब-तुळईजवळची ओल आणि भेग पॅनलमागे दडवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी रंगाऱ्याच्या आधी संरचना अभियंत्याला बोलवावे.

खर्च कोणाचा, या प्रश्नावर शेजाऱ्यांत वाद होतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, तर सदनिकेतील न्हाणीघर किंवा सिंकची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणीची तरतूदही त्यात आहे. संस्थेची नोंदणीच झालेली नसेल, तर रहिवाशांनी एकत्र येऊन तपासणी करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. एकट्या घराने आतून कितीही लिंपले, तरी बाहेरची भिंत साऱ्या इमारतीची असते.