लोखंडी पेटी आणि पाठीवरची गोणी

मानखुर्दला सायन-पनवेल महामार्गावर थोडा वेळ उभे राहिलात, तर खाडीपुलाच्या दिशेने जाणारे कंटेनरचे ट्रेलर दिसतील. वीस किंवा चाळीस फुटी पेटी, दाराला सील. बंदरात ती क्रेनने उचलून जशीच्या तशी जहाजावर चढते. 1989 साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर या पेट्यांवरच मोठे झाले. वाढवण बंदराची पायाभरणीही ऑगस्ट 2024 मध्ये झाली, म्हणजे ही वाहतूक वाढणारच.

पण पेटी कुठेतरी भरावी लागते, रिकामी करावी लागते. गोदामात आजही गोणीत आकडा रुतवून ती पाठीवर घेणारा माथाडी लागतो. त्याचा मालक रोज वेगळा; मग हक्क मागायचा कुणाकडे? माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या 1969 च्या माथाडी कायद्याने यावर उत्तर काढले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची ठराविक टक्के वर्गणी, म्हणजे लेव्ही, माथाडी मंडळात भरायची, मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार. माझ्या मते मालवाहतुकीच्या धंद्यात क्रेनपेक्षाही ही व्यवस्था मोलाची आहे. गोदामे वाढत असताना मालकांनी मंडळाकडची नोंदणी टाळू नये, आणि हमालांनीही ती आग्रहाने मागावी.