‘संक्रांत कोसळणें’ : एका वाक्प्रचाराचें मूळ

एखाद्यावर मोठें संकट आलें म्हणजे ‘त्याच्यावर संक्रांत कोसळली’ असें म्हणण्याचा आपल्या भाषेंत प्रघात आहे. वस्तुतः मकरसंक्रांत हा तिळगुळाचा व गोड बोलण्याचा सण. त्याचें नांव अनर्थास कां मिळावें? यावर पुष्कळ ठिकाणीं असें उत्तर मिळतें कीं, पानिपतचा संग्राम संक्रांतीच्याच दिवशीं झाला व तेव्हांपासून हा वाक्प्रचार रूढ झाला. ही उपपत्ति मनास चटका लावणारी खरी. परंतु ती कालगणनेच्या कसोटीस उतरत नाहीं.

पानिपतचें युद्ध शके १६८२ पौष शुद्ध ८, बुधवार, म्हणजे ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें. हल्लीं संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, म्हणून दोन्ही दिवस एकच मानण्याचा मोह होतो. परंतु आपली संक्रांत निरयन मानाची, तर इंग्रजी वर्ष सायन मानाचें. निरयन वर्ष किंचित् मोठें असल्यामुळें संक्रांत सुमारें ६०-७० वर्षांत एक दिवस पुढें सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा. ती तारीख १२ जानेवारी होती. याच हिशेबानें मागें गेल्यास १७६१ सालीं संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. अर्थात् उपासमारीनें गांजलेल्या मराठी छावणींत हा सण युद्धापूर्वींच तीन-चार दिवस होऊन गेला होता.

मग या वाक्प्रचाराचें मूळ कोठें शोधावें? तें पंचांगांत असावें. पंचांगांत दरवर्षीं संक्रांतीचें देवतारूपानें वर्णन येतें : तिचें वाहन, वस्त्र, शस्त्र, भक्ष्य व गमनाची दिशा. ती ज्या वस्तु धारण करील त्या महाग होतात किंवा नाश पावतात, आणि जिकडे जाईल वा पाहील तिकडील लोकांस पीडा होते, असा समज आहे. दुसरा दिवस, किंक्रांत, हा तर करिदिन म्हणून शुभकार्यास वर्ज्यच. अशी देवता ज्याच्याकडे वळली त्यावर ‘संक्रांत आली’ असें लोकांनीं म्हणावें, हें स्वाभाविक आहे.

‘पानिपत होणें’ हा प्रयोग मात्र निःसंशय त्या रणांगणांतूनच आला. दंतकथा खोडल्यानें तेथें पडलेल्या वीरांचें मोल तिळमात्र उणें होत नाहीं. त्यांचें स्मरण तिथीनें करावयाचें तर तें संक्रांतीस नव्हे, पौष शुद्ध अष्टमीस करावें, एवढेंच यावरून निष्पन्न होतें.