दगडांची रास आणि मातीतला डाग

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी एक जुनं कोडं हमखास घालायचो. धान्याच्या राशीतला एक दाणा काढला, तर रास ही रासच राहते ना? मग आणखी एक काढा. असं करत शेवटी एकच दाणा उरला, तर रास संपली नेमकी कधी? इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या युबुलिडीस या ग्रीक विचारवंताच्या नावावर हे कोडं आहे. आज ते दगडांच्या राशीला लावून पाहू.

स्कॉटलंडच्या उत्तर भागात, लॉक नेस सरोवराच्या पश्चिमेला, ग्लेन अर्कहार्ट नावाचं खोरं आहे. तिथे कॉरिमनी या ठिकाणी सुमारे ४००० वर्षांपूर्वीचं एक दफनस्थान आहे. अशा रचनेला ‘केअर्न’ म्हणतात. मधे गोल दगडी खोली, तिथवर नेणारी बुटकी, अरुंद वाट, वरून रचलेले धोंडे आणि भोवती उभ्या शिळांचं रिंगण. आत जायचं तर आजही रांगावं लागतं.

आता याची मोडतोड बघा. खोलीचं छत गेलेलं आहे. रांगत आत जाऊन मान वर केली, की थेट आभाळ दिसतं. छताची मानली जाणारी मोठी शिळा ढिगाऱ्यावर आडवी पडलीय. तिच्यावर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. रिंगणातल्या ११ शिळांपैकी काही तर अलीकडच्या काळात उभ्या केलेल्या आहेत. म्हणजे हानी दोन प्रकारची झाली, काढून नेण्याची आणि भर घालण्याची. मला दुसरी जास्त फसवी वाटते. गेलेलं निदान खटकतं. घातलेलं मात्र मूळचंच वाटून जातं.

१९५२ साली पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट यांनी इथे उत्खनन केलं. खोलीच्या तळाशी त्यांना सांगाडा मिळाला नाही, मिळाला एक डाग! अंग आकसून निजवलेल्या एका माणसाच्या देहाचा. हाडं मातीत विरून गेली होती, मातीचा रंग तेवढा वेगळा राहिला होता.

आता मला सांगा, हीच माती कुणी आधी फावड्याने उपसून बाहेर टाकली असती, तर? कण न् कण शाबूत राहिला असता, पण माणूस नाहीसा झाला असता. इथे आपल्या कोड्याची मेख सापडते. धान्याचा कुठलाही दाणा दुसऱ्या दाण्याच्या जागी चालतो. केअर्नमध्ये तसं चालत नाही. तिथे किती दगड गेले यापेक्षा कुठला गेला आणि कुठून गेला, हे विचारायला हवं.

आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणीला शिलावर्तुळं आहेत. त्यांच्याही काही दगडांवर असेच खळगे आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याला त्यांचं स्कॉटलंडच्या खुणांशी साम्य जाणवलं होतं. पण ही वर्तुळं लोहयुगातली, म्हणजे बरीच नंतरची. साम्यावरून नातं सिद्ध होत नाही. धोका मात्र दोन्हीकडे सारखाच. दगड कुणाच्याही बांधाला उपयोगी पडतो.

म्हणून अशा ठिकाणी गेलात, तर आठवण म्हणून खडा उचलू नका आणि हौसेने एखादा वर रचूही नका. कॉरिमनीच्या त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, हाडंही उरली नाहीत. त्याची जागा तेवढी उरली आहे; ती तरी आपण राखू या.